गाडीला घाट दिसत नाही

मी कान तपासते. बारा वर्षं हेच करते आहे. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आमच्या सेवाभावी मंडळाचा ट्रेलर फिरतो आणि त्यात बसून मी आजवर अकरा हजारांवर माणसांचे कान तपासले असतील. ऐकू न येणारा माणूस मला दारातून आत शिरतानाच ओळखू येतो, अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाही हात होता. रूपराव ताकसांडे तीन वर्षं माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसून गाडी चालवत होते. त्यांना ऐकू येत नाही हे मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण दिव्याने त्याची थोडी लाज तरी बाळगावी.

आमचा ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली. कान तपासायचा तर बाहेरचा आवाज आत यायला नको, म्हणून तिच्या भिंती दुहेरी लोखंडाच्या आणि मधे ठासून भरलेलं भरण. दार लावलं की आतल्या माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. अशी खोली जड असते, रिकामी दीड टन. ती गाडीमागे जोडून सिंदीपासून समुद्रपूरपर्यंत आणि समुद्रपूरपासून आष्टीपर्यंत ओढत न्यायची, हे रूपरावांचं काम.

ते सिंदी रेल्वेचे. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी वाहायचे. रूपराव सव्विसाव्या वर्षी एसटीत चालक म्हणून लागले आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झाले, तोवर त्यांच्या गाडीने कोणाची सायकलसुद्धा पाडली नव्हती. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या जादा गाड्या लागायच्या तेव्हा इतर लोक सुट्टी मागत, हे ड्युटी मागून घेत. "आपल्या लोकायले आपण नेलं त मनाले बरं वाटते," म्हणायचे. आमच्या मंडळात आले तेव्हा साठीला टेकले होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, सीटवर अंथरायला घरून आणलेला धुतलेला टॉवेल. ट्रेलर जोडल्यावर जोडणीचा आकडा ते स्वतः तीनदा ओढून बघत. दुसऱ्या कोणी ओढून बघितला तर चौथ्यांदा बघत.

गावात उतरले की गप्पिष्ट माणूस. रांगेतल्या म्हाताऱ्यांशी बसून पिकाचं, पाण्याचं, कोणाच्या सोयरिकीचं बोलत. गाडीत बसले की मात्र तोंडाला कुलूप. एसटीतली 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी नेली असावी, असं मी सगळ्यांना सांगायची. मी विचारावं, "काका, पुलगावले चहा घ्यायचा का?" आणि त्यांनी समोर बघत राहावं. मला राग फार लवकर येतो. पहिल्या वर्षी मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल, हे आता लक्षात येतं आणि स्वतःचीच कीव येते.

तेव्हा आमच्याकडे जुनी जीप होती. गिअर बदलो न बदलो, रूपरावांचा डावा तळवा कायम गिअरच्या दांड्यावर. इंजिन चालू असलं की तो दांडा थरथरायचा आणि त्यांचा हातही त्याच्यासोबत थरथरायचा. "दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा की," असं मी एकदा त्यांच्यासमोर उभं राहून सुनावलं. ते हसले. "सवय आहे जी," म्हणाले. मी ती वाईट सवयींच्या खात्यात टाकून दिली.

जीप थकली आणि नागपूरच्या एका दात्याने मंडळाला त्याची ऑटोमॅटिक गाडी दिली. मोठी, चकचकीत, आपले गिअर आपण बदलणारी. आमचे सचिव धनंजय साहेब यांनी नारळ फोडला, फोटो झाले. "आता काकांना आराम! क्लच नाही, गिअर नाही, नुसतं बसायचं," असं ते भाषणात म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रूपराव आत बसले, इंजिन सुरू केलं आणि डावा हात त्या नव्या, गुळगुळीत दांड्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हे हालत नाई," ते म्हणाले.

"हालत नाही तेच तर सुख आहे काका," मी म्हटलं. माझ्याइतकी हुशार बाई जिल्ह्यात नसेल.

फेब्रुवारीत आष्टीचं शिबिर आटोपून आम्ही कारंज्याकडे निघालो. तळेगाव सोडलं की घाट लागतो. तसा फार मोठा नाही, पण मागे दीड टनाची खोली असली की लहान घाटही मोठा होतो. चढ सुरू झाला आणि इंजिनाचा आवाज बदलायला लागला. एकदम चढायचा, मग धपकन खाली यायचा, गाडी जडावल्यासारखी व्हायची, मग परत ओरडून चढायचा. दर चार-पाच क्षणांनी हेच. पाचव्या-सहाव्या वेळी मी कान टवकारले. मी रूपरावांकडे बघितलं. ते शांत होते. समोर नजर, डावा हात त्या मुक्या दांड्यावर.

मी बोलले नाही. आमच्याकडे ड्रायव्हरला कोणी शिकवत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ किती टाकायचं ते सांगू नये, तसं ते आहे. बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मी काय सांगणार की तुमचं इंजिन ओरडतं आहे? त्यांना ऐकू येत असेलच की. असं मी म्हटलं, मी! कान तपासणारी बाई.

घाट अर्धा चढला आणि जळकट वास आला. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. रूपरावांनी गाडी कडेला घेतली, ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले आणि बोनेट उघडलं. गाडीखालून धूर येत होता. मी तळेगावला फोन केला. तिथून राकेश नावाचा मेकॅनिक मोटरसायकलवर आला. वय तिशीचं, पण नागपुरात मोठ्या गॅरेजमध्ये शिकलेला. तो खाली वाकला, वास घेतला आणि म्हणाला, "गिअरबॉक्सचं तेल जळलं. कशात चालवत होते, काका? डी मधीच, आपोआप गिअरवरच ठेवली होती का?"

रूपराव चाकाजवळ वाकून दगड सारखा करत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. राकेशने पुन्हा विचारलं, "काका, इंजिन बोंबलत असंन ना. आवाज नाई आला का?" तरी उत्तर नाही. राकेश माझ्याकडे बघून हसला, म्हातारा रागावला असेल म्हणून.

मला हसू आलं नाही. मी रूपरावांच्या मागे गेले, चार पावलांवर उभी राहिले आणि जोरात टाळी वाजवली. लहान बाळांची प्राथमिक तपासणी आम्ही अशीच करतो. रस्त्यापलीकडे चरणारी बकरी दचकून पळाली. रूपराव दगडच सारखा करत राहिले.

राकेशने मग गाडी थंड होईस्तोवर आम्हाला सगळं समजावलं. रूपराव त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. ओठांकडे बघत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"हे पहा काका," राकेश म्हणाला, "माणसाले समोरचा घाट दिसते. गाडीले घाट दिसत नाई. तिच्या मांग वजन आहे हेही तिले माहीत नाई. तिले फक्त आत्ता या क्षणाले किती जोर लागून राह्यला तेवढंच समजते. चढ थोडा कमी झाला का तिले वाटते, चला झालं, अन् ते वरचा गिअर टाकते. वरच्या गिअरले वजन झेपत नाई, मग खालचा टाकते. परत वरचा. असं ते गिअर धुंडतच राह्यते. दर वेळेस आतलं तेल तापते. शेवटी जळते. वजन ओढायचं असंन त तिच्यावर सोडू नका. दांडा बाजूले घ्या, एम मधी. दुसरा नाईतर तिसरा गिअर तुम्ही धरा अन् घाट संपेस्तोवर सोडू नका. उतरतानाही तसंच. डी मधी उतरवली त ते वरचा गिअर टाकून मोकळी होते, इंजिन गाडीले रोकत नाई, सगळं वजन ब्रेकवर येते. अन् एक, गाडी बंद करून परत चालू केली, किंवा रिव्हर्स घेतली, का ते पुन्हा डी मधीच येते. दर वेळेस आठोनीनं एम घ्या."

"ज्या गिअरात चढलं त्याच गिअरात उतराचं," रूपराव हळूच म्हणाले. "आमाले पह्यल्या दिवशी हेच शिकवलं होतं."

"तेच, काका. फक्त आता ते तुम्हाले तिच्याकडून करून घ्या लागते."

राकेश गेला. आम्ही तिथल्या लहान पुलाच्या कठड्यावर बसलो. मी त्यांच्यासमोर तोंड केलं आणि सावकाश म्हणाले, "काका, तुम्हाले ऐकू येत नाई ना?"

त्यांनी नाकारलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी नाकारलं नाही. टॉवेलने तोंड पुसलं, आणि जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

"उजवा कान लहानपनापासून वाहे. डाव्या कानाजवळ बत्तीस वर्स इंजिन होतं, जुन्या गाड्यायचं इंजिन आतच राहे ना जी, ड्रायव्हरच्या बाजूले. रिटायर व्हाच्या आंधीच गेलं सारं. पन गाडीले कानाची गरज नाई ताई. दांडा हातात असला का मले समजे. इंजिन हाफून राह्यलं, का रिकामं पळून राह्यलं, हाताले समजे. या गाडीचा दांडा मेलेला आहे. तो काईच सांगत नाई."

"घरी माहीत आहे?"

"घरवालीले माहीत आहे, मीराबाईले. आता तुम्हाले." त्यांनी टॉवेलची घडी केली. "पैशाचं नाई जी. पोरीचं लग्न झालं, पेन्शन थोडी येते, दोघायचं भागते. पन स्टेअरिंग गेलं त मी कोन? सिंदीच्या स्टँडवर बसून राह्यणारा म्हातारा. सांगू नका ताई. मी हात जोडतो." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

मी मशीनचं सुचवलं. आमच्या कपाटात कानाची मशीनं पडून होती. ते म्हणाले, कानात मशीन घातलेला ड्रायव्हर कोण ठेवते? धनंजय साहेब एक दिवस ठेवणार नाहीत. आणि ते खरं होतं. साहेबांचा माणसांपेक्षा फायलीवर जास्त जीव.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी केलं नाही. उलट मी त्यांचा कान झाले. आम्ही ठरवलं, आवाज चढायला लागला की मी समोरच्या डॅशबोर्डवर एक बोट टेकवायचं, वर-खाली व्हायला लागला की दोन. बाकी ते बघतील. आणि त्यांनी बघितलं. त्रेसष्टाव्या वर्षी त्या माणसाने ऑटोमॅटिक गाडी नव्याने शिकून घेतली. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असतो, तिकडे मी जन्मात बघितलं नव्हतं. रूपरावांनी त्या काट्याला डोळ्यांनी ऐकायला सुरुवात केली. काटा अडीच हजारावर स्थिर म्हणजे ठीक. काटा नाचायला लागला की दांडा बाजूला, तिसरा धरायचा. हिंगणघाटच्या उड्डाणपुलावर, आर्वीच्या चढावर, जिथे म्हणून थोडा उंचवटा असेल तिथे ते सराव करायचे. दोन-तीन महिन्यांत माझं बोट टेकण्याच्या आधीच त्यांचा हात हलायला लागला.

ते वर्ष चांगलं गेलं, हे मला सांगायलाच पाहिजे. आमच्यात गुपित होतं, त्यामुळे मैत्री झाली. शिबिर सिंदीकडे असलं की जेवण त्यांच्या घरी. मीराबाई ओल्या तुरीचे सोले घालून वांग्याची भाजी करायच्या. त्यांना काही सांगायचं असलं की त्या आधी नवऱ्याच्या खांद्याला हात लावत, मग बोलत. "तुम्ही सोबत असता त मले चिंता नाई," त्या मला म्हणायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. कोणाच्या चिंतेचा भार आपण उचलावा आणि त्याबद्दल आपल्याला भाजी मिळावी, यात सुख असतं. पण आंधळ्याच्या पाठीवर पांगळा बसला तरी दोघांपैकी एकाला झोप लागून चालत नाही.

जानेवारीत कारंज्याला दोन दिवसांचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव माणसं तपासली. दुपारी निघालो. घाटाच्या माथ्यावर चहा घेतला. निघताना समोर एक ट्रक आडवा लागला होता, म्हणून रूपरावांनी गाडी मागे घेतली. ट्रकवाल्याने हात केला, यांनीही केला आणि गाडी उताराला लावली. एवढं मी बघितलं. मग खिडकीला डोकं टेकवलं आणि मला झोप लागली.

रिव्हर्सनंतर गाडी डी मध्ये आली होती. एम मध्ये घ्यायची राहिली. एवढीच चूक. बत्तीस अधिक चार वर्षांतली एक. उतारावर काटा नाचत नाही, उलट खाली शांत बसतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळायचं कारण नव्हतं. कानाला कळलं असतं. इंजिन गप्प झालं आणि वारा तेवढा वाढला, हे कोणत्याही ऐकणाऱ्या माणसाला कळलं असतं. तो कान खिडकीला टेकून झोपला होता.

मला जाग आली ती वासाने. रूपराव ब्रेकवर अक्षरशः उभे होते. ब्रेक तापून निकामी होत आले होते आणि मागची खोली आम्हाला ढकलत होती. त्यांनी दांडा बाजूला ओढून खालचे गिअर टाकले, गाडीने हिसका दिला, थोडा वेग मेला. घाट संपता संपता वळण आहे. वळणावर कापूस वेचून परतणाऱ्या बायका होत्या, डोक्यावर गाठोडी घेऊन एकीमागे एक. रूपरावांनी हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी डावीकडे मुरुमाच्या ढिगात घातली. गाडी थांबली. ट्रेलर थांबता थांबता मागून फिरला आणि त्याचा कोपरा शेवटच्या बाईच्या गाठोड्याला लागला. बाईला नाही, गाठोड्याला. ते सुटलं आणि रस्ताभर कापूस झाला.

बाई रस्त्याच्या कडेला बसली. रूपराव उतरले, धावत गेले आणि कापूस गोळा करायला लागले. गुडघे टेकून ते मुठी मुठीने तो गाठोड्यात भरत होते. बाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती रस्त्याकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "माही पोरगी पानी प्याले थांबली मांग. नाईतर ते होती माह्या मांग."

रूपरावांनी तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि हसले. गावागावात, रांगेतल्या म्हाताऱ्यांशी बोलताना एखादं वाक्य सुटलं की ते जसे हसायचे, तसे.

बाईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की तिला वाटलं असणार, हा माणूस माणूस नाही. आणि तो तर जिल्ह्यातला सगळ्यात चांगला माणूस होता. मी तिच्याजवळ बसले, तिची माफी मागितली, त्यांना ऐकू येत नाही असं सांगितलं. कोणाला तरी ते मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं.

मुलगी थोड्या वेळाने आली. सात-आठ वर्षांची असेल. तिनेही कापूस वेचायला मदत केली.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. विम्यासाठी चालकाच्या डोळ्यांचं आणि कानांचं प्रमाणपत्र हवं होतं. डोळ्यांचं बाहेरून आलं. कानांसाठी धनंजय साहेब म्हणाले, "आपलंच तर केंद्र आहे, लीनाताई, बाहेर कशाला जायचं? पाच मिनिटांचं काम." त्याच दिवशी दुपारी रूपराव माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. "ताई, तुमच्या हातात आहे," म्हणाले. "मी आता चुकनार नाई. दांड्याले लाल फडकं बांधलं पाहा, एम आठवाले." मी खिडकीतून बघितलं. बांधलं होतं.

आज ते सिंदीला घरी असतात. मंडळाने त्यांना चांगलं मशीन दिलं, दोन्ही कानांना. मीराबाई सांगतात, पहिल्या आठवड्यात ते पंख्याखाली बसून होते. पंख्याला एवढा आवाज असतो हे त्यांना माहीत नव्हतं. रोज सकाळी दाढी करून, पांढरा शर्ट घालून स्टँडवर जातात आणि गाड्या लागताना-सुटताना बघतात. मी दोनदा गेले. दारात "जय भीम" म्हणाले, खुर्ची दिली, चहा झाला. मला ते आता ताई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. जे माझं होतं ते मी गमावलं आणि त्यांचं जे होतं तेही मीच गमावलं. नवीन चालक हायवेवर आणि घाटात गाडी डी मध्येच ठेवतो. मी त्याला सांगते, हा घाट गाडीला दिसत नाही, तू तिसरा धर. तो म्हणतो, मॅडम, ऑटोमॅटिक आहे. मग आमचं भांडण होतं. प्रत्येक फेरीला होतं, आणि मी ते सोडत नाही.

पण तपासणीचं सांगायचं राहिलं. ते टाळतच मी इथवर आले.

ट्रेलर मंडळाच्या आवारात उभा होता. रूपराव आत खुर्चीवर बसले, मी त्यांच्या कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं, बस. मी बाहेर माझ्या मशीनवर बसले. मधे काच. पहिला आवाज मी बारीक सोडला, ज्यांना उत्तम ऐकू येतं त्यांनाच येतो असा. त्यांनी लगेच बटण दाबलं. त्याहून बारीक सोडला. दाबलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होते. मी बटण दाबायची तेव्हा माझा खांदा थोडासा हलायचा. चार वर्षं त्यांनी दारात उभं राहून हजारो लोकांची तपासणी बघितली होती, आणि त्यांना डोळ्यांनी ऐकता येत होतं.

मी आवाज न सोडता नुसता खांदा हलवला. त्यांनी बटण दाबलं.

मी 'ऐकू येतं' असं प्रमाणपत्र लिहू शकले असते. कोणी विचारलं नसतं. मग मला कापूस वेचणारी ती पोरगी दिसायला लागली आणि मी उठले. दार उघडून आत गेले. रूपरावांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं. मी त्यांची खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी बटण दोन्ही हातांत धरलं, देवळात... नाही, विहारात बसतात तसे ताठ बसले.

मी बाहेर येऊन सुरुवात केली. वीस डेसिबल. तीस. चाळीस. त्यांची पाठ हलत नव्हती. माणसं एकमेकांशी बोलतात ते पन्नास-साठाच्या आसपास असतं. तिथे मी तीनदा आवाज दिला. पासष्टला दिला. माझे डोळे भरून आले होते, कागदावरचे आकडे दिसत नव्हते. मी सत्तरावर नेऊन बटण दाबून धरलं.

आतल्या माइकमधून रूपरावांचा मोठा आवाज आला. भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं,

"ताई, सुरू केलं का?"